ई-कचरा घराबाहेर काढताना: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ई-कचरा संकलनाच्या दिवशी टेबलामागे बसलं की त्याच त्या पिशव्या पुढे येतात. एकाच पिशवीत सुट्ट्या बॅटऱ्या, गुंडाळलेल्या वायरी, तडा गेलेली ट्यूब आणि पासवर्ड न काढलेला फोन. आणणाऱ्यांनी वेळ काढलेला असतो, वजन उचलून आणलेलं असतं, मनापासून काम केलेलं असतं. तरीही त्यातल्या निम्म्या वस्तू पुन्हा वापरता येण्याजोग्या राहिलेल्या नसतात आणि काही तर तिथेच पेट घेऊ शकतील अशा असतात. गडबड होते ती कामाच्या क्रमात. म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

आधी एवढं लक्षात घ्या: विष बाहेर केव्हा पडतं

बंद पडलेला टीव्ही कोपऱ्यात धूळ खात उभा आहे म्हणून घरातल्यांच्या अंगात शिसं जात नाही. जुन्या, मागे फुगीर असलेल्या टीव्हीच्या काचेत किलोभरापेक्षाही जास्त शिसं असू शकतं, पण ते काचेत घट्ट बांधलेलं असतं. काच फोडली, तिचा चुरा झाला, तो चुरा उघड्यावर पावसात भिजला की शिसं सुटतं. वायरीच्या प्लॅस्टिकचंही तसंच. पीव्हीसीचं वेष्टन असलेली वायर तांब्यासाठी पेटवली की डायॉक्सिन आणि फ्युरान ही अतिविषारी रसायनं तयार होतात, आणि आतलं तांबंच त्या प्रक्रियेला हातभार लावतं. सर्किट बोर्ड आम्लात बुडवून सोनं काढलं की उरलेलं आम्ल, विरघळलेल्या धातूंसकट, गटारात आणि तिथून पाण्यात जातं.

याचा परिणाम मोजला गेलेला आहे. चीनमधल्या ग्वेईयू गावात वर्षानुवर्षं घरोघरी अशी तोडफोड चालायची. तिथल्या १६५ मुलांच्या रक्ततपासणीचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दर पाचांपैकी चार मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं निघालं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात जितकं शोषलं जातं, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात शोषलं जातं आणि ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं.

तेव्हा पुढच्या सगळ्या टप्प्यांमागे एकच धोरण आहे: वस्तू जशी आहे तशी, अखंड, योग्य हातात पोहोचवायची.

टप्पा १: यादी आणि जागा

घरभर विखुरलेल्या वस्तू एका कोरड्या, मोकळ्या जागी आणा. स्वयंपाकघर नको, मुलं खेळतात ती खोली नको, गादी-पडद्यांजवळ नको. हाताशी ठेवा: वीज न वाहणारी चिकटपट्टी (साधी पारदर्शक चालेल), मार्कर, चार-पाच खोकी, बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबरी हातमोजे आणि कोरडी वाळू भरलेला एक पत्र्याचा डबा. वाळूचा डबा बहुतेक जण टाळतात. तो टाळू नका.

आता यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे पाच गोष्टी लिहा: काय आहे, मॉडेल आणि अनुक्रमांक, चालू आहे का, आत बॅटरी आहे का, आत माहिती साठते का. शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे आणि नेमके तेच चुकतात.

बॅटरी अनपेक्षित ठिकाणी लपलेली असते: गाणं वाजवणारं शुभेच्छापत्र, लाइट लागणारे बूट, विजेवरचा टूथब्रश, कानात घालायचे इअरबड, बोलणारं खेळणं, ई-सिगारेट. माहितीचंही तसंच. राउटरमध्ये वायफायचा पासवर्ड असतो, स्मार्ट टीव्हीत लॉगिन केलेली खाती असतात, कार्यालयातल्या मोठ्या झेरॉक्स यंत्रात बऱ्याचदा हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर कागदांच्या प्रती राहून जातात.

चालू असलेल्या वस्तू इथेच बाजूला काढा, त्यांच्या चार्जरसकट. फोन किंवा लॅपटॉपमुळे पर्यावरणावर येणाऱ्या भाराचा मोठा वाटा तो बनवतानाच खर्च झालेला असतो. त्यामुळे दुसऱ्याने तो आणखी तीन वर्षं वापरणं हे कुठल्याही पुनर्चक्रीकरणापेक्षा सरस. पण हा निर्णय लवकर घ्या. पाच वर्षं कपाटात ठेवलेला चालू फोन बाहेर काढाल तेव्हा बॅटरी गेलेली असते आणि सुरक्षा अपडेटही थांबलेले असतात.

*तपासा:* चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चिन्ह वस्तूवर आहे का? असेल तर ती साध्या कचऱ्यात टाकायची नाही. चिन्ह नसलं तरी वायर किंवा बॅटरीवर चालणारी कुठलीही वस्तू याच यादीत येते.

टप्पा २: फुगलेली बॅटरी सर्वांत आधी शोधा

हा टप्पा मुद्दाम इतका वर घेतला आहे, कारण फुगलेली बॅटरी सापडली की त्या वस्तूपुरता पुढचा सगळा क्रम बदलतो.

खुणा ओळखू येतात. फोन सपाट टेबलावर ठेवला की डुलतो. पडद्याची एक कड उचललेली दिसते. लॅपटॉपचा टचपॅड दाबला जात नाही किंवा वर आलेला असतो. पॉवर बँकेचं अंग गुबगुबीत झालेलं असतं. कधी गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येतो.

अशी वस्तू सापडली तर ती बंद करा आणि पुन्हा चार्जरला लावू नका. फक्त माहिती काढून घेण्यापुरतीसुद्धा नाही. दाबून झाकण बसवू नका. सुईने हवा काढायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. आतला वायू ज्वलनशील असतो आणि टोचल्यावर आतले थर एकमेकांना भिडून बॅटरी जागीच पेटू शकते. वाळूच्या डब्यात ठेवा, वरून वाळू घाला, झाकण घट्ट लावू नका. डबा जळणाऱ्या वस्तूंपासून लांब, शक्यतो घराबाहेर आडोशाला ठेवा आणि पहिल्या संधीला संकलन केंद्राला फोन करून कळवा. न सांगता नेऊन टेबलावर ठेवू नका.

*सावधान:* बॅटरी मिठाच्या पाण्यात बुडवून ‘निकामी’ करण्याचा उपाय घरात करू नका. धातू गंजतात, ज्वलनशील वायू सुटतो आणि उरलेलं पाणी स्वतःच विषारी होतं. बॅटरीतून धूर निघाला तर सगळ्यांना घेऊन खोलीबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, तो फुप्फुसांना जाळतो.

मग अशा फोनमधल्या माहितीचं काय? दुसऱ्या उपकरणावरून आपलं खातं उघडा, हा फोन त्यातून बाहेर काढा, महत्त्वाचे पासवर्ड बदला. फोनवर चिठ्ठी लावा: ‘बॅटरी फुगलेली, आत माहिती आहे’. आणि तो माहिती नष्ट केल्याचा लेखी दाखला देणाऱ्यांकडेच द्या.

टप्पा ३: माहिती काढणं आणि पुसणं

हे बॅटरी उतरवण्याआधी करायचं, कारण माहिती पुसायला वस्तू चालू असावी लागते. पुष्कळ जण आधी बॅटरी रिकामी करतात आणि मग पुन्हा चार्ज करत बसतात.

फोनसाठी क्रम असा:

१. फोटो, संपर्क, संदेश यांची प्रत दुसरीकडे घ्या. प्रत घेतली एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या उपकरणावर उघडून दहा-वीस फोटो प्रत्यक्ष पाहा.

२. बँकेची अ‍ॅप आणि लॉगिनचे सांकेतिक अंक देणारी अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करा. ती चालतात याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नका.

३. मुख्य खात्यातून लॉग आउट करा. हरवलेला फोन शोधायची सोय बंद करा.

४. साठवण एनक्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात) आहे ना ते सेटिंगमध्ये पाहा. नव्या फोनांत ती असतेच, जुन्यांत हाताने सुरू करावी लागते.

५. आता फॅक्टरी रीसेट.

६. सिम आणि मेमरी कार्ड काढा.

७. फोन पुन्हा सुरू करा. कोणाचंही नाव किंवा खातं न मागता स्वागताचा पडदा आला पाहिजे.

तिसरी आणि पाचवी पायरी उलटसुलट होणं ही सर्वाधिक होणारी चूक. खातं न काढता रीसेट केलं की फोन चोरीविरोधी कुलपात अडकतो. रीसेट झालं तरी तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो. मग धडधाकट फोनही पुन्हा वापरता येत नाही, त्याचे सुटे भाग करावे लागतात. टेबलामागे बसून मला सर्वांत जास्त हळहळ याच ढिगाची वाटते.

संगणकाच्या बाबतीत फाइल डिलीट करणं किंवा झटपट फॉरमॅट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखं आहे. पानं तशीच राहतात. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर पूर्ण डिस्कवर एकदा नवीन माहिती लिहिणारं साधन चालवा. आताच्या डिस्कना एकदाच पुरतं, सात-सात वेळा लिहीत बसायची गरज नाही. एसएसडीला (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला) मात्र हा उपाय भरवशाचा नाही, कारण तिचा नियंत्रक काही भाग राखीव ठेवतो आणि तिथली जुनी माहिती तशीच राहू शकते. तिच्यासाठी निर्मात्याने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरा, किंवा आधी संपूर्ण डिस्क एनक्रिप्ट करून मग रीसेट करा. लोहचुंबक फिरवून एसएसडी पुसली जात नाही.

संगणक सुरूच होत नसेल तर स्क्रू काढून डिस्क बाहेर काढा आणि दुसऱ्या संगणकाला जोडून पुसा. स्क्रू काढणं आणि फोडणं यांत फरक आहे. हातोडा आणि ड्रिल मात्र नको. धूळ आणि काचेचे कण उडतात, आणि एसएसडीची नेमकी चिप कुठे आहे हे माहीत नसेल तर माहिती शाबूत राहते ती राहतेच.

*सावधान:* चार वस्तूंचं झाकण घरात कधीच उघडायचं नाही: मायक्रोवेव्ह, फुगीर काचेचा टीव्ही किंवा मॉनिटर, संगणकाचा पॉवर सप्लाय आणि फ्लॅश असलेला कॅमेरा. प्लग काढल्यावरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) विद्युतभार टिकून राहतो. मायक्रोवेव्हमध्ये तो जीव घेण्याइतका असतो.

टप्पा ४: बॅटऱ्या

माहिती पुसून झाली. आता फोन आणि लॅपटॉपची बॅटरी ३० टक्क्यांच्या खाली येऊ द्या. साठलेली ऊर्जा जितकी कमी, तितकी वाटेत दुखापत झाली तरी आग लागण्याची शक्यता कमी.

मग फक्त हाताने किंवा खटका दाबून निघतात त्याच बॅटऱ्या काढा. डिंकाने चिकटवलेली बॅटरी पात्याने उचकटू नका, ती उपकरणातच राहू द्या.

काढलेल्या प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, प्रत्येकीला वेगळी. सगळ्या बॅटऱ्या एका बरणीत साठवणं हा प्रकार अनेक घरांत दिसतो. एकीचं टोक दुसरीला टेकलं की शॉर्ट होतो. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, म्हणून ती सर्वांत त्रासदायक. नुसती किल्ली किंवा स्टीलचा काथ्या टेकला तरी ठिणगी पडते. लिथियम, साधे सेल आणि यूपीएसची शिसं-आम्लाची जड बॅटरी, तिन्ही वेगवेगळ्या खोक्यांत. यूपीएसची बॅटरी नेहमी उभी ठेवा.

सेल पाझरून पांढरा थर जमला असेल तर तो दाहक अल्कली असतो. हातमोजे घालूनच उचला, बंद पिशवीत टाका, डोळ्याला हात लावू नका.

बटणासारखे गोल सेल पट्टीत दोन्ही बाजूंनी गुंडाळा आणि लगेच उंच जागी ठेवा. मुलाने गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत खोल भाजल्याची जखम करतो. सेल ‘संपलेला’ असला तरी त्यात तेवढी वीज उरलेली असते. गिळल्याची नुसती शंका असली तरी थेट रुग्णालय गाठा, वाट पाहू नका.

*तपासा:* एकही उघडं टोक दिसतंय का? खोक्यावर आत काय आहे ते लिहिलंय का?

टप्पा ५: गॅस, पारा, काच, पावडर

*फ्रिज आणि एसी.* नळी कापू नका, कॉम्प्रेसर वेगळा काढून विकू नका. नळी कापली की आतला गॅस त्या क्षणी हवेत जातो. जुन्या फ्रिजमधला आर-१२ ओझोनचा थर खातो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो. त्यानंतरचा आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचीही उष्णता अडवण्याची क्षमता हजार पटींहून जास्त आहे. आताच्या फ्रिजमधला आर-६००ए या बाबतीत निरुपद्रवी, पण ज्वलनशील. ठिणगी पडली तर पेटतो. फ्रिज उभाच न्या, दार पट्टीने घट्ट बांधा, म्हणजे मूल आत अडकणार नाही.

*ट्यूब आणि सीएफएल.* प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो. मूळ पुठ्ठ्यात किंवा कागदात गुंडाळून उभ्या ठेवा. फुटलीच तर मुलांना आणि प्राण्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, एसी बंद करा, दहा मिनिटं खोलीत जाऊ नका. मग जाड कागदाने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत घाला. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरला की पारा हवेत पसरतो. एलईडी दिव्यात पारा नसतो, पण एलईडीच्या आधीच्या काळातल्या सपाट टीव्हीत पडद्यामागे पाऱ्याच्या बारीक ट्यूब असतात.

*फुगीर काचेचा टीव्ही.* पडदा खाली करून जाड कापडावर ठेवा. मागचा निमुळता भाग सर्वांत नाजूक असतो, त्याला धरून उचलू नका.

*टोनर (प्रिंटर-झेरॉक्सची शाईची पावडर).* तिचं काडतूस पिशवीत बंद करा. सांडलं तर ओल्या फडक्याने टिपा, घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका.

टप्पा ६: कोणाच्या हातात द्यायचं

इथवर सगळं नीट केलं आणि वस्तू चुकीच्या हातात गेली तर मेहनत वाया जाते. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा कपाटांत, कचराभूमीवर आणि उघड्या भट्ट्यांपाशी पोहोचतो.

आधी निर्माता किंवा विक्रेता जुनी वस्तू परत घेतो का ते विचारा. अनेक देशांत ती त्याची कायदेशीर जबाबदारी आहे. नसेल तर परवानाधारक पुनर्चक्रीकरण करणाऱ्याला गाठा आणि हे प्रश्न विचारा.

परवाना कोणत्या यंत्रणेचा आहे, मुदत कधीपर्यंत आहे? कागद पाहा. आर-टू किंवा ई-स्टीवर्ड्‌स (ई-कचऱ्याचं काम जबाबदारीने करणाऱ्यांना मिळणारी) प्रमाणपत्रं असल्याचं सांगत असतील तर त्या संस्थेच्या यादीत नाव शोधा, भिंतीवरच्या चौकटीवर विसंबू नका.

तुमच्याकडे काय होतं आणि पुढे काय कुठे जातं? बॅटऱ्या, सर्किट बोर्ड, शिशाची काच आणि फ्रिजचा गॅस, या चारही गोष्टींचं वेगवेगळं उत्तर मिळालं पाहिजे. ‘सगळं रीसायकल होतं’ हे उत्तर नव्हे.

परदेशी पाठवता का? १ जानेवारी २०२५ पासून बासेल करारानुसार (घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरचा आंतरराष्ट्रीय करार) घातक असो वा नसो, कुठलाही ई-कचरा सीमापार पाठवायला घेणाऱ्या देशाची आगाऊ लेखी संमती लागते. ‘वापरलेला माल’ असं नाव देऊन तो पाठवण्याची पळवाट जुनी आहे.

पावती कशी देता? अनुक्रमांक किंवा वजन नसलेली पावती कामाची नाही.

फक्त बोर्ड आणि कॉम्प्रेसर उचलून बाकीचं तुमच्याकडेच सोडणारा, किंवा सुट्ट्या भागांना अखंड वस्तूपेक्षा जास्त भाव देणारा दिसला तर नकार द्या. त्याच्या मागे कुठेतरी जाळणं-वितळवणं चालू असण्याची शक्यता फार मोठी.

दारावर येणाऱ्या भंगारवाल्याबद्दल लोक तुटकपणे बोलतात, ते मला पटत नाही. गोळा करण्याचं अवघड काम तोच करतो, आणि धूर सर्वांत आधी त्याच्याच घरात शिरतो. त्याला विचारा, माल कुठे देतोस? परवानाधारकाकडे देत असेल तर अखंड वस्तू त्याला जरूर द्या. नसेल तर त्याला केंद्राचा पत्ता द्या. पुष्कळ केंद्रं अशा माणसांकडून माल घेतात. आणि त्याच्या हाताखाली मुलं काम करत असतील तर त्याबद्दलही त्याच्याशी बोला.

टप्पा ७: बांधणी, सुपूर्द करणं, नंतरची स्वच्छता

जड वस्तू खाली, काच वेगळी, बॅटऱ्या हातात. रद्दीच्या किंवा सुक्या कचऱ्याच्या गाडीत काहीही टाकू नका. दाबयंत्राखाली चिरडलेली एक लिथियम बॅटरी अख्खी गाडी पेटवू शकते. कुरिअरने पाठवणार असाल तर आत बॅटरी आहे हे आधी सांगा.

घरी परतल्यावर साबणाने हात धुवा, मग काही खा. जिथे वस्तू ठेवल्या होत्या ती फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरात किंवा शेजारी यापूर्वी वायरी जाळणं, बोर्ड वितळवणं झालं असेल तर मुलांची आणि गरोदर स्त्रियांची रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. कमी प्रमाणातल्या शिशाची लक्षणं दिसत नाहीत, म्हणून ‘मूल चांगलं खेळतंय’ ही खूण पुरेशी नाही.

शेवटी पहिल्या टप्प्यातली यादी आणि पावती शेजारी ठेवा. अनुक्रमांक जुळला की त्या ओळीवर काट मारा आणि खात्यातल्या उपकरणांच्या यादीतूनही ते उपकरण काढून टाका. जुळला नाही तर त्याच दिवशी केंद्राला फोन करा, कारण महिन्याभराने विचारलं तर ती वस्तू कुठे गेली हे तिथे कोणालाच सांगता येत नाही.